अजय बंगा खडकीचे, पण जागतिक बँक कोणाची?

खडकीकर
आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर परवा परत तो मेसेज फिरला, 'जागतिक बँकेचा अध्यक्ष आपल्या खडकीचा'. २०२३ साली पहिल्यांदा आला तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, आपल्या कँटोन्मेंटात जन्मलेला माणूस तिथवर जातो म्हटल्यावर वाटणारच. पण यावेळी खाली एकाने लिहिलं, 'बघा, भारताचं वजन किती वाढलं'. ते वजन नक्की किती हे बघायला म्हणून बसलो आणि दोन रात्री त्यातच गेल्या. जे सापडलं ते इथे टाकतोय, चुकत असेल तर सांगा.

पहिली गोष्ट, बंगांना भारताने पाठवलेलं नाही. ते अमेरिकन नागरिक आहेत, फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडन यांनी त्यांचं नाव दिलं, मुदत संपेपर्यंत दुसरा अर्जच आला नाही, आणि ३ मे ला संचालक मंडळाने निवड जाहीर केली. बँकेचा अध्यक्ष अमेरिकेचा आणि तिच्या जोडीची संस्था असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा, हे दुसऱ्या महायुद्धानंतर चालत आलंय आणि कुठल्याही करारात तसं लिहिलेलं नाही. २०१२ ला नायजेरियाच्या एन्गोझी ओकोंजो-इवेला उभ्या होत्या, देशाच्या अर्थमंत्री, स्वतः बँकेत वर्षानुवर्षं काम केलेल्या, तरी अमेरिकेचा उमेदवारच आला.

दुसरी गोष्ट मतांची. नाणेनिधीत प्रत्येक देशाला थोडी मूळ मतं असतात आणि बाकी सगळी कोट्याप्रमाणे, म्हणजे जेवढा पैसा तेवढी मतं. अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के लागतात, म्हणजे अमेरिका नाही म्हणाली की विषय संपला. भारताकडे २.६ टक्के. आणि इटलीकडे ३ टक्के! सहा कोटींच्या आसपास वस्तीचा देश आणि १४० कोटींचा देश, आणि जास्त मतं त्याची.

हे वाचून मी खरंच गप्प झालो, कारण त्याच रात्री १९४४ चे आकडे पण बघितले होते. या दोन्ही संस्था जिथे ठरल्या त्या ब्रेटन वूड्सच्या परिषदेला ४४ देश होते, त्यात पारतंत्र्यातला हिंदुस्थान. शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज, व्हाइसरॉयचा अर्थसदस्य जेरेमी रेझमन, पण सोबत आपले सी. डी. देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. तिथे हिंदुस्थानला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. रशिया पुढे आलाच नाही, त्यामुळे आपण पाचवे होतो. एकूण कोट्याच्या साडेचार टक्के. आज स्वतंत्र आहोत, निवडणुका होतात, अर्थव्यवस्था जगात पहिल्या पाचात मोजतात, आणि कोटा पावणेतीन टक्के.

मग ज्या संस्था कर्ज देताना सांगतात की हा खर्च कमी करा, ते खातं मोकळं करा, त्यांच्यावर लोकांचं काही चालतं की नाही? हे मला मनापासून विचारायचंय.

निवृत्त_शाखाधिकारी
खडकीकर, चांगला धागा. मी ३१ वर्षं नागरी सहकारी बँकेत होतो म्हणून एक तुलना सुचली. आपल्याकडे सहकारात एक सभासद एक मत. तुमचे पाचशेचे शेअर्स असोत की पाच लाखांचे, मत एकच. ही काही फार विद्वत्तेची गोष्ट नाही, गावातल्या सोसायटीच्या सभासदालाही माहीत असते. नाणेनिधी नावाला सभासदांची संस्था आहे पण चालते कंपनीसारखी, ज्याचे शेअर्स जास्त त्याची सभा.

पण दुसरी बाजू पण सांगतो. मी अशा कितीतरी वार्षिक सभा पाहिल्या जिथे अहवाल वाचायच्या आधी मागून आवाज येतो 'मंजूर, मंजूर', आणि वीस मिनिटांत सभा उरकून चहा. मत समान होतं, कायद्याने होतं, तरी बँका बुडाल्या आणि ठेवीदार रांगेत उभे राहिले. एका सभेत एका बाईंनी उठून विचारलं होतं की हे कर्ज कोणाला दिलं ते नाव वाचून दाखवा. हॉलमध्ये इतकी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. तेव्हापासून माझं मत असं झालंय की मतांची वाटणी अर्धी गोष्ट, उभं राहून विचारता येतं का आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं का ही उरलेली अर्धी.

लीना_हेग
काका, तुमचं शेवटचं वाक्य मी कॉपी करून ठेवलं.

मी नेदरलँड्समध्ये १४ वर्षं आहे, इथलं नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे ६ जून २०२४ ला युरोपियन पार्लमेंटसाठी मत दिलं. इथे मतपत्रिका म्हणजे अक्षरशः चादर असते, टेबलावर उलगडायला दोन्ही हात पसरावे लागतात, आणि दोरीला बांधलेली लाल पेन्सिल, आपल्याला हव्या त्या नावापुढचा गोल त्या पेन्सिलने भरायचा. मला भरून आलं होतं, कारण देशांच्या वरची संस्था आणि तिच्यासाठी मी, एक सांगलीची मुलगी, थेट मत देतेय.

पण मग त्या पार्लमेंटला करता काय येतं? कायद्याचा मसुदा मांडायचा अधिकार युरोपियन कमिशनकडे, म्हणजे युनियनच्या कारभारी मंडळाकडे, पार्लमेंटने त्यात बदल करायचे, मंजूर किंवा नामंजूर करायचं. २०१९ ला मोठ्या पक्षांनी कमिशनच्या अध्यक्षपदाचे आपापले उमेदवार जाहीर केले, वादविवाद झाले, लोकांनी मतं दिली, सगळ्यात मोठ्या गटाचे मानफ्रेड वेबर. आणि मग सरकारप्रमुख बंद खोलीत बसले आणि उर्सुला फॉन डेर लायन यांचं नाव बाहेर आलं, ज्या त्या यादीत नव्हत्याच. पार्लमेंटने त्यांना ३८३ मतांनी पास केलं, लागत होती ३७४.

आणि २००५ ची गोष्ट तर इथले लोक अजून काढतात. युरोपच्या राज्यघटनेवर सार्वमत झालं, फ्रान्सने नाही म्हटलं, तीन दिवसांनी डच लोकांनी ६१ टक्क्यांहून जास्त मतांनी नाही म्हटलं. त्यातला बराचसा मजकूर मग लिस्बन करार म्हणून आला आणि यावेळी डच लोकांना विचारलंच नाही. माझ्या शेजारच्या आजी म्हणतात, 'विचारायचं नव्हतं तर पहिल्यांदा तरी कशाला विचारलं'. त्यांना युरोप नकोय असं अजिबात नाही, त्यांचा राग त्यांच्या 'नाही'ला किंमत मिळाली नाही याचा आहे.

आनंदी_गोपाळपेठ
वाचतेय. लीना, मतदान किती टक्के होतं तिकडे?

लीना_हेग
सगळा युरोप धरला तर १९७९ च्या पहिल्या निवडणुकीत ६२ टक्के होतं, २०१४ ला ४३ च्याही खाली गेलं, २०१९ आणि २०२४ ला ५१ च्या आसपास. अधिकार वाढत गेले आणि बरीच वर्षं मतदान घसरत गेलं, म्हणजे लोकांना आपलं मत कुठे पोचतं ते दिसत नाही.

सातपुडा
धागा वरवर वाचून सोडणार होतो पण राहवलं नाही. मी कॉलेजात असताना आणि नंतर थोडी वर्षं अक्राणी-अक्कलकुवा भागात शिकवायला होतो, त्यामुळे माझ्यासाठी जागतिक बँक म्हणजे मणिबेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं, त्यातलं अगदी पहिलं मणिबेली, नर्मदेच्या काठावर, तेव्हा धुळे जिल्हा, आता नंदुरबार. धरणासाठी बँकेने १९८५ ला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. मंजूर करताना त्या ३३ गावांत कोणी विचारायला आलं नव्हतं. मोलगीपर्यंत जीप, पुढे डोंगर उतरायचा, सागाचे खांब आणि कुडाच्या भिंती असलेली घरं, एकमेकांपासून लांब लांब, आपापल्या शेतात. बुडिताची पातळी दाखवणारे दगड उतारावर रोवलेले. मी एका घराच्या ओसरीवर बसलो होतो, त्या आजोबांनी दगड दाखवला आणि पावरी बोलीत सांगितलं, सोबतच्या मुलाने मला मराठीत करून सांगितलं: 'दगड लावायला आले तेव्हा कळलं.' एवढंच.

आता पुढचं महत्त्वाचं. आंदोलनाने आवाज उठवला, मेधाताई आणि गावातले लोक, आणि १९९१ ला बँकेला स्वतःच्या प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी नेमावी लागली, तिच्या इतिहासात पहिल्यांदा. ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर. ते आले, खोऱ्यात फिरले, लोकांशी बोलले आणि जून १९९२ ला अहवाल दिला की पुनर्वसन धड होणं या परिस्थितीत शक्य नाही, बँकेने एक पाऊल मागे घ्यावं. ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळात मतं पडली, अमेरिका, जर्मनी, जपान यांनी थांबवा म्हटलं, पण बहुमत चालू ठेवा बाजूने. सहा महिन्यांच्या अटी घातल्या. मार्च १९९३ च्या शेवटी भारत सरकारनेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं.

म्हणजे खडकीकर, तुमच्या आकड्यांना धरून बोलायचं तर त्या दिवशी भारताची मतं मणिबेलीच्या विरोधात होती. मणिबेलीच्या बाजूने उभे राहिलेले बहुतेक संचालक श्रीमंत देशांचे. बँकेत भारताची मतं दहा टक्के असती तर मणिबेलीचं काय झालं असतं? मला हा प्रश्न पंचवीस वर्षं सोडत नाही.

बडोदेकर
सातपुडा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो, कारण तुम्ही तिथे राहिलेले आहात. पण आम्ही बडोद्याचे, माझी आत्या राजकोटला. १९८६ ला राजकोटला रेल्वेने पाणी आणलं होतं, आत्या हंडे घेऊन कुठे कुठे उभी राहायची ते मी लहानपणी पाहिलंय. आज तिच्या सुनेच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. त्या लाखो लोकांनी पण मतं देऊनच सरकारं निवडली होती. मग वॉशिंग्टनला बसलेले चार देश, ज्यांना आम्ही कधी निवडलं नाही, ते म्हणणार धरण थांबवा, आणि त्याला आपण लोकशाही म्हणायचं? मला ते पटत नाही. उद्या हेच देश त्यांच्या सोयीचं असेल तेव्हा आपला प्रकल्प अडवतील.

सातपुडा
बडोदेकर, आत्याचा हंडा खराच आहे, तो कोणी नाकारू नये. आणि बाहेरच्या चार देशांच्या मर्जीवर न्याय अवलंबून राहणं चुकीचंच आहे, तुमच्याशी सहमत. आज मर्जी आहे, उद्या नसेल. पण बघा, तुमच्या आत्याला आमदार होता, तिच्या शहराची दखल घ्यावी लागत होती. आजोबांचं गाव तीन राज्यांच्या कोपऱ्यात, रस्ता नाही, बरेचसे लोक सातबाऱ्यावर नाहीत, जमीन वनखात्याच्या नावावर. बहुमताच्या मोजणीत ते कायमच कमी पडणार होते. माझं म्हणणं इतकंच की ज्याचं घर जातंय त्याला विचारायची जागा पाहिजे, मग ती दिल्लीत असो, मुंबईत असो नाहीतर वॉशिंग्टनला.

बडोदेकर
हे मान्य. विचारायची जागा पाहिजे, अडवायचा अधिकार पाहिजे की नाही यावर मी अजून अडलोय.

कुर्ला_पश्चिम
ती जागा तयार झाली होती ना, नर्मदेमुळेच! सप्टेंबर १९९३ ला बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल काढलं. बँकेच्याच पैशावर चालतं, पण कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली नाही, थेट संचालक मंडळाला रिपोर्ट करतं. आणि ते फक्त कागदावर नाही राहिलं, आमच्या कुर्ल्यातल्या दुकानदारांनी ते वापरलंय.

मुंबईच्या रेल्वे आणि रस्त्यांचा तो मोठा प्रकल्प, एमयूटीपी, २००२ ला बँकेचं कर्ज मिळालं. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या मध्ये आलेले दुकानदार आणि रहिवासी यांनी २००४ ला पॅनेलकडे तक्रारी केल्या. दुकानदार म्हणजे कोण, तर गाळ्यात वेल्डिंग करणारे, फर्निचरवाले, भंगारवाले, त्यांना लांबच्या बिल्डिंगमध्ये छोटा गाळा देऊन धंदा कसा चालणार, गिऱ्हाईक तर कुर्ल्याचं. पॅनेलचे लोक मुंबईत आले, आणि २००५ च्या शेवटी अहवाल आला की हलवायच्या माणसांची संख्याच सुरुवातीला कमी धरली होती, शेवटी ती १ लाख २० हजारांच्या घरात गेली, आणि दुकानदारांच्या पोटापाण्याचा विचारच नीट झाला नव्हता. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले, जूनअखेर परत सुरू केले. त्या चार महिन्यांत जी धावपळ झाली ती त्याआधीच्या कित्येक वर्षांत झाली नव्हती. सगळ्यांना न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही, खूप जण मिळेल ते घेऊन गेले. पण माझ्या वडिलांचा एक मित्र त्या बैठकीला गेला होता, तो अजून सांगतो की समोरचा माणूस वहीत लिहून घेत होता. त्याचं म्हणणं, 'माझं बोलणं सरकारी टेबलावर कोणी लिहून घेतंय हे आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.'

अॅड_मृण्मयी
पॅनेलची मर्यादा पण लिहायला हवी. ते फक्त बघतं की बँकेने स्वतःचे नियम पाळले का. भरपाई देण्याचा हुकूम ते करू शकत नाही, सरकारला काही सांगू शकत नाही. आणि कोर्टात जायचं म्हटलं तर या संस्थांना संरक्षण असतं.

मुंद्र्याच्या मच्छीमारांनी ते तोडायचा प्रयत्न केला. तिथल्या वीज प्रकल्पाला जागतिक बँकेच्या खासगी कर्ज देणाऱ्या शाखेने, आयएफसीने ४५ कोटी डॉलर दिले होते. समुद्रात जाणारं गरम पाणी, कमी झालेली मासळी, राख, अशा तक्रारी घेऊन बुधा इस्माईल जाम आणि इतर थेट अमेरिकेच्या कोर्टात गेले. आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक असा निकाल दिला की १९४५ च्या कायद्याने या संस्थांना मिळालेलं संरक्षण सरसकट नाही. मी तो निकाल ऑफिसमध्ये उभ्यानेच वाचला होता. कच्छचा मच्छीमार वॉशिंग्टनच्या संस्थेला तिच्याच गावात कोर्टात खेचतो आणि जिंकतो! पण नंतर खालच्या कोर्टाने म्हटलं की जे घडलं ते मुळात भारतात घडलं, म्हणून खटला अमेरिकेत चालणार नाही, अपील कोर्टाने ते कायम ठेवलं आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा ऐकायला नकार दिला. म्हणजे दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबवलं.

निवृत्त_शाखाधिकारी
सगळे वॉशिंग्टनबद्दल बोलतायत, मला दिल्लीबद्दल बोलायचंय. तिथे जो भारताचा संचालक बसतो (नाणेनिधीत तर तो बांगलादेश, श्रीलंका आणि भूतानच्या वतीनेही बसतो) तो सरकार नेमतं. त्याने कुठल्या ठरावावर काय मत दिलं हे आपल्या खासदाराला संसदेत नियमाने सांगितलं जातं का? ब्रेटन वूड्स सोडा, जागतिक व्यापार संघटनेचा करार आठवा. एप्रिल १९९४ ला माराकेशला प्रणव मुखर्जींनी सही केली. आपल्या राज्यघटनेप्रमाणे करार करणं हे सरकारचं काम, संसदेची आधी मंजुरी लागत नाही. मग ३१ डिसेंबरला पेटंटचा अध्यादेश काढला, तो संपला, विधेयक राज्यसभेत अडकलं, अमेरिकेने तक्रार केली, आपण हरलो आणि १९९९ ला कायदा बदलावा लागला.

पण २००५ ची दुरुस्ती संसदेत आली तेव्हा खरोखर वाद झाला, खासदारांनी मुद्दे लावून धरले, आणि त्यातून कलम ३ड नीट घट्ट झालं, की जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही. २०१३ ला त्याच कलमावर सुप्रीम कोर्टाने कॅन्सरच्या औषधाच्या केसमध्ये नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं. करार तोच, जिनिव्हाची संस्था तीच. फरक पडला तो आपल्या सभागृहात लोकांनी तोंड उघडल्यामुळे. तिथे इटलीपेक्षा जास्त मतं मिळवा, जरूर मिळवा, पण इथल्या सभेत 'मंजूर मंजूर' चालणार असेल तर ती वाढीव मतं कोणाच्या कामाची?

लीना_हेग
इथे युरोपात मंत्र्यांच्या परिषदेत बऱ्याच निर्णयांना दुहेरी बहुमत लागतं, ५५ टक्के देश आणि ते मिळून ६५ टक्के लोकसंख्या. नाणेनिधीतही पैसा अधिक देशांची संख्या असं दोन्ही मोजता येईल. आफ्रिकेचे सहाराखालचे चाळीसहून जास्त देश आणि त्यांना मिळून दोनच संचालक होते, तिसरा आला तो नोव्हेंबर २०२४ ला. कोट्यात थोडा बदल २०१० ला ठरला तर अमेरिकन काँग्रेसने होकार द्यायला पाच वर्षं लावली. सगळं इतकं हळू हलतं.

बदनापूरकर
नमस्कार, मी फक्त वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. जालना जिल्हा. आमचं गाव पोकरात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आहे. हा पण जागतिक बँकेच्या कर्जातला प्रकल्प, पाच हजारांच्या वर गावं, शेततळं, ठिबक, शेडनेट. गावात समिती आहे, मी तिच्या बैठकांना जातो. प्रकल्पामुळे फायदा झाला हे पण सांगतो, माझ्या चुलतभावाचं शेततळं त्यातलंच. पण कुर्ल्याच्या भाऊंनी लिहिलेलं ते पॅनेल, त्याच्याबद्दल आमच्याकडे मी कोणाच्याच तोंडून ऐकलं नाही. उद्या कोणाचं वावर गेलं, पाणी अडलं, तर लिहायचं कोणाला? इंग्रजीत लिहावं लागतं का? वकील लागतो का?

अॅड_मृण्मयी
दादा, वकील लागत नाही. आधी प्रकल्पाच्या लोकांकडे आणि बँकेकडे तक्रार केलेली असली पाहिजे, त्याचे कागद जपून ठेवा, तारखांसकट. त्याने काही झालं नाही तर पॅनेलला साधं पत्र चालतं. नुकसान झालेली किंवा होण्याची शक्यता असलेली दोन किंवा जास्त माणसं पाहिजेत. भाषा कुठलीही चालते, मराठीत लिहा.

बदनापूरकर
मराठीत चालतं?

अॅड_मृण्मयी
हो, मराठीत.

खडकीकर
मी वजन मोजायला निघालो होतो, आणि हे सगळं वाचून आत्ता रात्री पाऊण वाजता बसलोय. सातपुडांचा प्रश्न माझ्याकडून सुटत नाही, बडोदेकरांचाही नाही. शाळेच्या ग्रुपवर काय लिहायचं ते नंतर बघू.

मृण्मयीताई, त्या पत्रात काय काय लिहायचं असतं त्याचा एक मराठी नमुना आपण इथेच केला तर? कोणाचं घर किंवा शेत, प्रकल्पाचं नाव, आधी कोणाला कधी सांगितलं, काय उत्तर आलं. टायपिंग मी करतो.

सातपुडा
मी पावरीत सांगू शकणारी दोन मुलं ओळखतो, आता शिक्षक आहेत. त्यांना विचारतो.

अॅड_मृण्मयी
रविवारी दुपारी बसते. बदनापूरकर दादा, तुमच्या समितीच्या बैठकीची वही असेल ना, तिच्यातल्या कुठल्याही एका पानाचा फोटो टाका, नावं झाकून. ठराव कसे लिहिले जातात ते बघून त्याच भाषेत नमुना करू.

बदनापूरकर
वही ग्रामपंचायतीत आहे. उद्या सकाळी टाकतो.